दुसरं लेबल

दोन. एक नाही, दोन काढायची – हो, कळलं मला, एक लेबल नीट आलं म्हणजे प्रिंटर चालतोय, तुमच्या आधीच्या हॉस्पिटलात तसंच करत असतील, मी कुठं नाही म्हणतोय – पण इथं अपडेट झालं की दोन काढायची, दोन्ही वाचायची, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि दोन्ही या वहीत चिकटवायची. सहा वर्षं तसंच चाललंय. सकाळपासून आपण आठ मशीन केली की नाही, प्रत्येकाला काही ना काही दोनदा करून बघितलं, स्कॅनर दोनदा, स्पीकर दोनदा, तुम्ही मनात म्हणत असाल म्हातारा शेवटच्या दिवशी जरा जास्तच करतोय. म्हणा. उद्यापासून ही लॅब तुमची, हे रजिस्टर तुमचं, मी घरी बसून बायकोच्या मोबाइलवर काय अपडेट करायचं ते करीन. आज तेवढं ऐका.

नववं? हे ना, खिडकीजवळचं. त्याचं राहू द्या. राहू द्या म्हणजे – बसा ना मॅडम, उभ्या का, तो स्टूल नका घेऊ, त्याचा पाय हलतो, तो रक्त द्यायला येणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे त्यांच्यासाठीही नकोच खरं तर. हां. काय म्हणत होतो? नववं मशीन. रजिस्टरमध्ये बोट ठेवलंत तुम्ही बरोबर तिथंच. ‘जुना प्रिंटर, नवीन ड्रायव्हर चालत नाही, अपडेट करू नये.’ माझंच अक्षर. प्रिंटर काही जुना नाहीये. सात वर्षांचा आहे, त्याच्याबरोबरचे दोन वरच्या मजल्यावर नवीन ड्रायव्हरवर मजेत चाललेत. तुम्ही दुपारपर्यंत तेही बघितलंच असतं, म्हणून आत्ताच सांगतो. चालत नाही हे खोटं आहे. तपासणीवाले आले तेव्हाही मी हेच सांगितलं, आणि त्यांनी मान डोलावून पुढचं पान उलटलं. लोकांना प्रिंटरबद्दल काहीही सांगा, पटतं.

तुम्हाला धोका माहितीये, मलाही माहितीये. जुन्या सिस्टीमला भोकं असतात, बाहेरचं काही आत शिरलं तर या एका मशीनमधून सगळ्यांचे अहवाल अडकून बसतील, आणि मग रांगेतला प्रत्येक माणूस आपल्या नावानं बोटं मोडेल. रोज अकराच्या सुमाराला ती चौकट येते ना समोर – दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ – मी ‘नंतर’ दाबतो. त्या पलीकडच्या शाळेची घंटा होते, मधल्या सुट्टीची, आणि त्याच्याच आगेमागे चौकट येते. घंटा, चौकट, नंतर. हात आपोआप जातो आता. बायको म्हणते, तुम्ही झोपेत बोट हलवता.

ड्रायव्हर म्हणजे काय हे काही तुम्हाला सांगायला नको, पण इथल्या नर्सना मी सांगतो, दुभाष्या. कॉम्प्युटर एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी, मध्ये हा बसलेला. तुम्ही म्हणता ‘लेबल काढ’, हा प्रिंटरच्या कानात काय सांगतो ते तुम्हाला ऐकू येत नाही. जुना दुभाष्या सांगायचा – काढ आणि बाहेर ढकल. नवीन आला तो एवढंच सांगायचा – काढ. बाहेर ढकल हे म्हणायचं राहिलं. एक सेटिंग, एक टिकमार्क. म्हणजे लेबल छापलं जायचं, पण तोंडाशी आत थांबायचं, आणि दुसरं छापलं की पहिलं बाहेर यायचं. एक मागे. कायम एक मागे. हसू नका, सोपं वाटतं ऐकायला.

सहा वर्षांपूर्वी तपासणीचं पत्र आलं, सगळी मशीन अद्ययावत हवीत. मी म्हटलं, एका दुपारी उरकतो. उरकली पण – आठ नीट तपासून केली, आणि नववं, हे, साडेपाचला केलं. शंभर टक्के झालं, मशीन बंद होऊन चालू झालं, आणि मी एकही लेबल काढून बघितलं नाही. उद्या बघू म्हटलं. का? मुलीचा चष्मा आणायचा होता. दुकान सहाला बंद होतं. तिच्या वर्गाच्या बाईंनी आठवडाभर आधी मला शाळेच्या फाटकाशी थांबवून सांगितलं होतं – तुमची मुलगी फळ्याकडे डोळे बारीक करून बघते, तपासून घ्या, टाळू नका. आम्ही आईबाप, आमच्या लक्षात आलं नव्हतं, आणि चाळीस पोरांत बाईंच्या आलं. तर तो चष्मा. बाईंच्या शब्दाखातर मी घाई केली, असं म्हणायचं का? नाही, असं नाही म्हणता येणार. घाई माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले आले सुतारकाका. हे टेबल त्यांनीच केलंय, हात लावून बघा, कुठे कुसळ सापडणार नाही. आमच्याकडे तेव्हा रक्त घ्यायला सुईताई होत्या – म्हणजे नाव दुसरं, पण सगळे सुईताईच म्हणायचे, इतका हलका हात की पोरं रडायचं विसरायची. ताईंनी बटण दाबलं, लेबल आलं नाही. परत दाबलं, आलं. सुतारकाकांच्या नळीला लावलं. दुसऱ्या आल्या बाई. त्याच, मुलीच्या बाई. एका तासाची सवलत घेऊन आल्या होत्या, थकवा वाटतो म्हणत होत्या, पण चालत आल्या, मी दारात भेटलो त्यांना. चष्मा आणला का, विचारलं त्यांनी. आणला म्हटलं. वर फुशारकी मारली – बाई, काल सगळी मशीन नवी कोरी करून टाकलीत, रिपोर्ट बघा कसा पटकन येतो. त्या हसल्या. रक्त देऊन गेल्या पण.

तिसरे आले एक आजोबा. ताईंनी बटण दाबलं, लेबल हातात घेतलं, आणि म्हणाल्या – आजोबा, तुम्ही शाळेत शिकवायला कधीपासून लागलात? बाहेर बाकावर सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता थांबलो, कारण बाईंचं लेबल आत्ता बाहेर येतंय, तर मग बाईंच्या नळीला काय लावलंय?

बघायला गेलो. ट्रेमध्ये दोन नळ्या, शेजारी शेजारी, दोन्हींवर सुतारकाकांचं नाव. सुतारकाकांसाठी ताईंनी दोनदा दाबलं होतं ना, त्यातलं दुसरं लेबल बाईंच्या नळीला गेलेलं. कळलं ना? एक मागे. आता तुम्ही काय केलं असतं? – बरोबर. दोन्ही फेकायच्या, दोघांना परत बोलवायचं, परत घ्यायचं. ताईही तेच म्हणाल्या, अगदी तेच, ‘बाईंना परत बोलवा’ म्हणाल्या, आजोबांचा दंड बांधता बांधता. सुतारकाका बाहेरच बसले होते, केसांत भुसा तसाच, म्हणाले घ्या की परत, पुष्कळ आहे. त्यांचं परत घेतलं. बाई निघून गेलेल्या. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, वर्गाच्या बाई म्हणून. काढला मी नंबर. अंगठा वर धरला. आणि मनात आलं, आत्ता वर्गात असतील. एवढी एक तासाची सवलत मागून आल्या, परत कुठे बोलवायचं, मुलं सोडून. शिवाय सकाळीच फुशारकी मारलेली. आणि नळी तर आहे. दोनांतली एक त्यांचीच आहे. डावीकडची पहिली, उजवीकडची दुसरी, दुसऱ्या आल्या बाई, म्हणजे उजवीकडची. सरळ आहे. ताईंना म्हटलं, गरज नाही, मला माहितीये कोणती. त्या म्हणाल्या, नक्की? मी म्हटलं, नक्की.

उजवीकडची घेतली, त्यावरचं लेबल सोलून काढलं, ताईंच्या हातातलं चुरगळलेलं म्हणून नवीन काढायला बटण दाबलं, घाईत दोनदा दाबलं, आधी आत अडकलेलं दुसऱ्याचं आलं, मग बाईंचं एक. खालची ओळ कापली गेलेली, नवीन ड्रायव्हरनं मापही बदललं होतं, पण नाव दिसत होतं, चालेल म्हटलं. लावलं. डावीकडची त्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. आणि प्रिंटरची वायर खेचून काढली, जुना ड्रायव्हर परत घातला, दुपारपर्यंत सगळं पूर्वीसारखं. कोणाला काही कळलं नाही. ताईंना वाटलं मी निस्तरलं. संध्याकाळी बाईंचा रिपोर्ट आला, सगळं ठीक. सुतारकाकांचाही ठीक. दोन्ही ठीक, म्हणजे मी सुटलो की नाही? मला वाटलं सुटलो. घरी जाऊन मुलीच्या चष्म्याची काच पुसली, आठवतंय.

पाणी हवंय का? मला हवंय. थांबा.

हं. तर वर्षभरानं सुईताई निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम इथंच, याच खोलीत, टेबलाभोवती. त्यांनी रजिस्टरवर शेवटची सही केली. डाव्या हातानं. मी बाजूलाच उभा. म्हटलं, ताई, डावखुऱ्या तुम्ही? सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाच वर्षं काम केलंत बरोबर, म्हणाल्या, आज दिसलं होय? – काय आहे, मला रक्त बघवत नाही. लॅबमध्ये नोकरी आणि रक्त बघवत नाही, करा थट्टा, सगळ्यांनी केलीय. ताईंनी सुई हातात घेतली की मी भिंतीकडे तोंड करायचो. पाच वर्षं भिंत बघितली मी. म्हणून कधी दिसलंच नाही कोणत्या हातानं टोचतात, आणि नळी भरली की ट्रेमध्ये कोणत्या बाजूला ठेवतात. मी नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं त्यांना, नळ्या तुम्ही कुठून ठेवायचात? त्यांनी हात हलवून दाखवला. उजवीकडून सुरू करायच्या, डावीकडे जायच्या, म्हणजे दुसरी नळी डावीकडची. म्हणाल्या, नेहमी असंच असेल बहुतेक, कोण लक्ष देतं. बहुतेक म्हणाल्या. आणि मी त्या दिवशी ट्रे हातात घेऊन माझ्या टेबलावर आणला होता की तिथंच उभं राहून बघितलं होतं, आणताना फिरवला की नाही – ते मला आठवत नाही. खूप आठवून बघितलं. एकेका रात्री हात तसा धरून बघतो, ट्रे धरल्यासारखा. कधी सरळ येतो, कधी फिरलेला येतो.

आता तुम्ही विचाराल, एवढं कशाला उगाळायचं, रिपोर्ट तर ठीक होता. सांगायचं राहिलंच की. मुद्दाम नाही राहिलं. म्हणजे – मुद्दामच राहिलं. त्या निरोपाच्या कार्यक्रमाआधी बाई परत आल्या होत्या, पहिल्या रिपोर्टनंतर आठ महिन्यांनी. जिना चढताना दोनदा थांबल्या. या वेळी रिपोर्ट वाईट आला, रक्ताचाच आजार, बराच पुढे गेलेला. मोठे डॉक्टर दारात त्यांच्या मिस्टरांना सांगत होते आणि मी इथं बसून ऐकत होतो – आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट स्वच्छ आहे, म्हणजे फार वेगानं आलंय, तुमचं काही चुकलं नाही. मिस्टरही त्याच शाळेत शिकवतात. त्यांनी मान हलवली. नंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई गेल्या. आमची मुलगी दोन दिवस जेवली नाही.

वेगानं आलेलंही असू शकतं. असतं असं, मी विचारलंय, आडून आडून, तीन डॉक्टरांना विचारलंय. नळी बरोबरही असू शकते. दोनांतली एक – मी बरोबर उचलली असेल तर मी निर्दोष आहे, चुकीची उचलली असेल तर बाईंचे आठ महिने मी खाल्ले. आठ महिन्यांत काय काय होतं मॅडम, औषधं लागू पडतात, माणसं उठून वर्गात जाऊन शिकवतात. दुसरी नळी पिवळ्या डब्यातून गेली, जळली. आता कोणालाच कळणार नाही. मिस्टर दरवर्षी येतात रक्तदाब दाखवायला, तेव्हा मला भेटून जातात, मुलीची चौकशी करतात. दरवर्षी मी ठरवतो. आणि दरवर्षी त्यांना जिन्यापर्यंत सोडून येतो.

या मशीनचं विचारत होतात ना. हे बघा, इथं प्रिंटर दोन दिसतात. एक हा, ‘कॉपी १’, रोजचा, हा मी जुना ड्रायव्हर घालताना तयार झाला. आणि हा दुसरा, फिकट झालेला. याच्यावर उघडा – नाही, मीच उघडतो. दिसलं? ‘एक प्रतीक्षेत.’ दोनदा दाबलं होतं ना बाईंच्या लेबलसाठी, एक आलं, दुसरं यात अडकलं, मी वायर काढली तेव्हा. तेव्हा पुसायला गेलो, पुसलं गेलं नाही, ‘पुसत आहे’ असं नुसतं लिहून येतं. मग मीही पुसलं नाही. पुसता येतं, तुम्हाला माहितीये, मलाही येतं, दोन मिनिटांचं काम आहे. पण रोज सकाळी येऊन उघडून बघायची सवय लागली. बाकावर कोणी नसलं तरी इथं एक जण थांबलेलं असायचं. संध्याकाळी मशीन बंद करताना ‘येतो बाई’ म्हणायचो. वेडेपणा आहे, कळतो मला. अपडेट केलं की हे सगळं साफ होतं, किंवा छापलं तरी जातं, दोन्हीतलं काहीतरी एक. दोन्ही नको होतं मला. म्हणून जुना प्रिंटर, नवीन ड्रायव्हर चालत नाही.

हे सगळं मी तुम्हाला सांगणार नव्हतो. मी सांगणार होतो, प्रिंटर जुना आहे. घरून निघताना पाठ करून आलो होतो.

काय? – आली का चौकट. अकरा वाजले म्हणजे. नाही, तुम्ही नका दाबू. उद्या तुम्ही दाबलं असतं आणि तुम्हाला माहीतही नसतं काय दाबलं. द्या माउस इकडे. आत्ता. झालं. आता वायर काढू नका, काहीही झालं तरी, मी म्हटलं तरी काढू देऊ नका.

बारा टक्के. चला. तुमच्या घरी कोण कोण असतं? – बरं, नका सांगू, मी आपलं काहीतरी बोलतोय. चाळीस. हा नवीन ड्रायव्हर चांगला आहे म्हणतात, ते टिकमार्कचं त्यांनी सुधारलंय, मापही बरोबर केलंय. सहा वर्षांत सगळ्यांनी आपापलं सुधारलं. बंद होतंय. होऊ द्या. चालू होईल.

झालं चालू. बघा, फिकट होता तो आता काळा झाला. आवाज येतोय ना – मी काही पाठवलेलं नाही, तुम्ही बघताय, माझे हात इथं आहेत.

आलं.

बाईंचं नाव. वय. वेळ आठ पंचवीस. मला इतकी वर्षं वाटायचं, यावर काहीतरी लिहिलेलं असेल, कोणती नळी ते कळेल. कसं लिहिलेलं असणार, लेबलला काय माहिती. नाव, वय, वेळ, आणि खाली – खाली ओळ आहे. ही ओळ तेव्हा कापली गेली होती. मोठ्यानं वाचू? चष्मा लावतो थांबा. ‘काही लागल्यास मधल्या सुट्टीत फोन करावा.’

त्यांनी सांगून ठेवलं होतं. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाला सांगून लेबलवर लिहून घ्यायला लावलं होतं. आणि मी म्हणत बसलो, वर्गात असतील.

द्या ते रजिस्टर. नाही, वही नाही, रजिस्टर, ज्यात ते खोटं लिहिलंय ते पान. त्याच्यावरच चिकटवतो. खाली सगळं लिहितो, तारखेसकट, ट्रेसकट, आणि सही करतो, मगच तुम्ही चार्ज घ्या. तोवर प्रमुखांना सांगा, जेवायच्या आधी मला भेटायचंय. जा तुम्ही मॅडम. दार ओढून घ्या.

ती घंटा झाली, ऐकलीत? त्यांचे मिस्टर आता वर्गातून बाहेर आले असतील. जा ना. मला फोन करायचाय, आणि मधली सुट्टी दहाच मिनिटांची असते.